तेरा पाऊण पावणेदहा

"उद्या त्रयोदशी. तेरा पाऊण पावणेदहा. आपल्याकडे पाऊण तास आदीच भरता, म्हणजे नऊ. सहाक पाण्यार होये, मास्तर."

शनिवारी संध्याकाळी ओटीवर पान लावता लावता काकांनी मासे धरायला जायची ही वेळ एका दमात सांगितली आणि मला उलगडायला दोन मिनिटं लागली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला गणित शिकवतो, तरी. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, माझ्या आज्याला यायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळी त्याच्याबरोबर गेली. इथं वेंगुर्ल्यात मात्र एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले आमचे घरमालक अजून समुद्राचं वेळापत्रक पाऊणकीवर चालवतात.

हिशोब सरळ आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि त्याच्यामागून भरतीही तेवढीच मागे पडते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तोंडी हिशोबाला चालून जातं. ही वेळ मुंबईच्या बाजूला जास्त जुळते. आमच्याकडे दक्षिणेला पाणी जरा लवकर भरतं, म्हणून काकांची ती वजाबाकी. मी गुपचूप मोबाईलवर पाहिलं. नऊ वाजून सात मिनिटं. काकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच असतं की मग मोबाईलवाला सात मिनिटं कशाला थांबला.

मी सांगोल्याकडचा. आमच्याकडे मासा म्हणजे उजनीचा चिलापी, तोही पाव्हणा आला तर, आणि त्यावर एवढं तिखट की खाली चिलापी आहे का वांगं हे कळू नये. बदलून इथं आलो तेव्हा पहिल्या दिवाळीच्या पगारात मी आठ फुटी दांडी आणि रीळ मागवलं होतं. पहिल्याच फेकीत रिळावर तंगुसाचा असा गोळा झाला की जत्रेतले म्हातारीचे केस बरे. काका शेजारी उभे होते. हसले नाहीत. खिशातून चाकू काढून तो गोळा कापला आणि स्वतःची बाटली माझ्या हातात दिली.

बाटली म्हणजे अर्ध्या लिटरची रिकामी पाण्याची बाटली. तिच्यावर शंभरेक हात तंगूस गुंडाळलेलं. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी पारदर्शक दोरा. टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या वीतभर वर एक गरी, म्हणजे गळ, आणखी वीतभर वर दुसरी. गरी बारीक, १० नंबरची. गरीच्या नंबराचं उलट असतं, आकडा वाढला की गरी लहान होते. आमचा मासा मुडदुशी. तिचं तोंड चिमूटभर, तिला मोठी गरी घातली तर ती आमिष कुरतडून निघून जाते आणि तुम्ही तासभर रिकामी गरी पाण्यात ठेवून तत्त्वज्ञान करत बसता. मी पहिला महिना तेच केलं.

आमिष सुंगटाचं. लहान कोळंबीला इथं सुंगटं म्हणतात. शनिवारीच बंदरावरून पन्नास रुपयांची आणून ठेवली होती.

साडेपाचला निघालो. कार्तिक संपत आला की इथं पहाटे अंगावर काहीतरी लागतं. काकांनी मफलर गुंडाळला होता, खाली अर्धी चड्डी. आदल्या रात्री ते पलीकडच्या वाडीतल्या जत्रेला दशावतार बघायला गेले होते आणि नाटक संपल्यावर थेट अंघोळ करून आले होते, त्यामुळे वाटेवर अर्धा रस्ता संकासुराची नक्कल चालू होती. सुरूच्या बनातून जाताना पायाखाली सुया मऊ लागतात, आवाज होत नाही. बनाबाहेर आलो आणि सागरेश्वरचा किनारा. मागं पूर्वेला नखाएवढी चंद्रकोर, बंदराकडे दीपगृहाचा दिवा आणि समोर लांब पाण्यात पांढऱ्या दिव्यांचा झगझगाट.

"एलईडीवाले," काका म्हणाले आणि थुंकले.

या प्रकाशझोतातल्या मासेमारीवर केंद्र सरकारनं २०१७ मध्येच बंदी घातली आहे. काकांचे वडील रापणीत होते. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळ सोडलेलं लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा. लहानपणी शाळेत जाण्याआधी दोर ओढला की काकांना बांगड्यांचा वाटा मिळायचा. आता रापण लागते, पण दोर ओढायला माणसं बोलवावी लागतात आणि जाळ्यात काय येईल याची खात्री नाही. हा विषय निघाला की काका पंधरा मिनिटं बोलतात. त्या दिवशी मात्र दोनच वाक्यं बोलले, कारण पाणी चढत होतं.

किनाऱ्यावर गेल्या गेल्या काका गरी सोडत नाहीत. बिडी पेटवतात आणि लाटा बघतात. आधी मला वाटायचं, बिडीसाठी थांबलेत. मग एकदा त्यांनी दाखवलं. लाट जिथं पांढरी फुटते तिथं खाली वाळूचा उंचवटा असतो. जिथं न फुटता काळसर अंगानं पुढं सरकते तिथं खोल. उंचवट्याच्या अलीकडे, किनाऱ्याला समांतर एक चर असतो. भरतीचं पाणी त्या चरातली वाळू ढवळतं, वाळूतले किडे उघडे पडतात आणि मुडदुशा तिथं चरायला येतात. चर दर पंधरवड्याला जागा बदलतो. म्हणून बिडी.

फेकण्याची रीत अशी: डाव्या हातात बाटली, तिचं तोंड समुद्राकडे. उजव्या हातानं शिसं हातभर दोरावर लोंबतं ठेवून डोक्यावरून दोनदा फिरवायचं, तिसऱ्या फेऱ्याला सोडायचं. तंगूस बाटलीवरून आपोआप सुळसुळत सुटतं. मी जीव खाऊन फेकली. गेली असेल चाळीस पावलं.

"मास्तर, मासो तुमच्या पायाकडे आसा. तुमी अरबस्तानात टाकतास."

त्यांची स्वतःची पंधरा-वीस पावलांवर पडलेली. मी गुंडाळून परत टाकली. मग तंगूस ताणून तर्जनीच्या पहिल्या पेरावर घ्यायचं आणि गप उभं राहायचं. घोट्यापर्यंत पाणी. लाट परतते तशी टाचेखालची वाळू निघून जाते आणि माणूस हळूहळू मागे कलतो. दर पाच मिनिटांनी पाय उचलून नव्या जागी ठेवायचे.

बोटाला आधी सगळंच मासा वाटतं. लाट ओढते तो ताण लांबट, आळसट असतो. शेवाळ अडकलं तर नुसतं जड होतं. खेकडा कुरतडतो तेव्हा सुतारानं रंधा मारावा तसं खरखर जाणवतं. मुडदुशी टिचकी मारते. टक्. मग टक्-टक्. पहिल्या टिचकीला ओढलं तर गेली. दुसऱ्या जोडटिचकीला मनगटानं, नुसत्या मनगटानं, एक हिसका. हे मला सांगून कळलं नव्हतं. काकांनी एकदा त्यांच्या तंगुसावर माझं बोट ठेवलं, वर आपलं बोट ठेवलं, आणि ती जोडटिचकी आली तेव्हा खालचं माझं बोट त्यांच्या बोटानं दाबलं. चौथीतल्या पोरांना अक्षर गिरवायला मी हाच हात धरतो.

साडेसहाच्या सुमाराला उजाडलं. काकांच्या पिशवीत तोवर चार. मुडदुशी दिसायला फार काही नाही. वीतभर लांब, बोटापेक्षा थोडी जाड, तोंड टोकदार, अंगावर राखी-चंदेरी झाक, पोटाकडे तर आरपार दिसेल अशी. वाळूच्या रंगाचीच. धोका वाटला की नाक खुपसून वाळूत शिरते. काका सांगतात, रापणीचं जाळं वरून निघून जायचं आणि ही खाली वाळूत शिरून राहायची, म्हणून रापणीपेक्षा गरीला जास्त.

मला पहिली पावणेसातला. दुसरी लगेच. मग माझं तंगूस अचानक सैल झालं. ओढलं तर हलकं, शिसं नाही, गऱ्या नाहीत, दोरा कात्रीनं कापल्यासारखा.

"केंड," काका म्हणाले. "तंगूस खाल्ल्यान."

केंड म्हणजे तो फुगणारा मासा. चार दात एकत्र होऊन पोपटाच्या चोचीसारखं तोंड, त्यात गरीच काय, मच्छीमारांची जाळी कापली जातात. थव्यानं आला की किनारपट्टीवर बोंब होते. खायचा नाही, विषारी. शिजवूनही ते विष जात नाही. माझ्या दुसऱ्या गरीला एक लागला तेव्हा वाळूवर येताच त्यानं गप् गप् हवा गिळून पोटाचा चेंडू केला आणि रागानं बघत राहिला. काकांनी चपलेनं धरून चाकूनं तंगूस कापलं आणि त्याला पायानं पाण्यात लोटला. जाताना उलटा तरंगत गेला, पोट वर. मग फुस्स करून गायब.

नऊला पाणी पूर्ण भरलं. भरती थबकली की मासाही थबकतो, पाऊण तास काही हाती लागत नाही, म्हणून आम्ही आवरायला घेतलं आणि शेवटची म्हणून टाकलेल्या माझ्या गरीला एकदम भार आला. टिचकी नाही, सरळ ओढच. मी ओढत मागं गेलो. वाळूवर आली ती मिशावाली, काळपट, चिकट. शिंगाळा, लहान असला की इथं शेंगटी म्हणतात. मी खुशीत डाव्या हातानं धरायला वाकलो.

"हात लाव नको!" काका पहिल्यांदाच मला अरे-तुरे बोलले.

शेंगटीला तीन काटे असतात. एक पाठीवर, दोन बाजूच्या परांत. दातेरी, आणि वर विषारी चिकटा. धरायची असेल तर चपलेखाली, नाहीतर बोटं काट्यांच्या मागं सरकवून. मला हे सगळं माहीत होतं. पाठीवरचा काटा डाव्या अंगठ्यात गेला. आधी काहीच नाही, मग ठणका अंगठ्यातून मनगटात, मनगटातून कोपरात. विंचू दोनदा चावलाय मला, माणदेशात ते काही नवल नाही. हे त्याच जातीचं होतं. घरापर्यंतचा पंधरा मिनिटांचा रस्ता मी हात वर धरून चाललो. समोरून दूधवाला आला. त्यानं मला हात केला. त्याला वाटलं मीच केला.

काकींनी माझं तोंड आणि पिशवीतली शेंगटी एकदाच बघितली. काही विचारलं नाही. न्हाणीत चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा हंडा असतोच. त्यातलं बालदीत घेतलं, आपला हात घालून बघितला, थोडं थंड ओतलं आणि माझा हात आत दाबून धरला. सोसेल तेवढं कढत. या जातीच्या विषाला ऊन पाणीच उतार. अर्ध्या तासात कोपर सुटलं, अंगठा तेवढा बटाट्यासारखा राहिला. (सोमवारी धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं.) तेवढ्या वेळात काकांनी पिशवी पालथी केली. मुडदुशा बारा, त्यांच्या नऊ, माझ्या तीन. बोटाएवढ्या दोन होत्या, त्या त्यांनी तिथंच परत सोडल्या होत्या.

साफ करायला काकी मागीलदारी आदोळी घेऊन बसल्या. आदोळी म्हणजे लाकडी पाटाची विळी. मांजर आधीपासून हजर. शेंगटीचे तिन्ही काटे त्यांनी कोयत्याच्या घावांनी पहिल्यांदा उडवले, माझ्या अंगठ्याकडे बघत. मग चुलीतली राख चोळून चिकटा काढला, दोनदा धुतली, तुकडे केले. मुडदुशी मला दिली. उजव्या हातात बोथट सुरी, शेपटीकडून डोक्याकडे उलटी खरवडत जायचं. खवलं बारीक, नखाच्या कोरीएवढी, पण उडून भिंतीला, केसाला, कानाला चिकटतात. मग कल्ल्याखाली चीर, बोटानं ओढलं की कल्ले आणि पोटातलं सगळं एकत्र सुटतं. पोटातली काळी पातळ कातडी नखानं काढायची, नाहीतर कडवट लागतं. डोकं ठेवायचं. मी पहिल्याचं उडवलं तर काकींनी "अगो बाय!" केलं, ते मांजरानं तोंडात धरून भिंतीवर नेलं.

आता माझी चूक नंबर दोन. आईनं दिलेला काळा मसाला घरात होता. मी खोलीतून बरणी घेऊन आलो. काकींनी झाकण उघडून वास घेतला, "बरो आसा," म्हणाल्या आणि झाकण लावून बरणी फळीवर ठेवली.

"मटणाक वापरूया. आज सकाळी पाण्यात होतो मासो. तेका मसालो कित्याक?"

मुडदुशांना लावलं एवढंच: हळद, लाल तिखट, आगळ. आगळ म्हणजे कोकमाचा रस, तो मिठात मुरलेला असतो, म्हणून वेगळं मीठ चिमूटभरच. मागच्या वेळी मी हे विसरून रीतसर मीठ घातलं होतं आणि काकांनी जेवताना तीन तांबे पाणी प्यायलं होतं. पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. मग तांदळाच्या पिठात घोळवून बिडाच्या तव्यावर खोबरेलात. तेल फार नाही. पहिली मी लगेच उलथली, तिची कातडी तव्यालाच राहिली.

"वायच धीर धरा. शिजलो काय मासो आपणच तवो सोडता."

पुढच्या वेळी उलथनं खाली सरकवून बघितलं. धरून होती. थांबलो. काठानं तेल तडतडत होतं ते जरा शांत झालं, आणि तव्याला हलकेच धक्का दिला तर मासा आख्खा सरकला. एकदाच उलटायची. दुसरी बाजू पहिलीहून कमी वेळ.

तिकडे कुंडल्यात, म्हणजे मातीच्या पसरट मडक्यात, शेंगटीची कढी. अर्धा नारळ, सहा बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद, कांद्याची एक फोड. हे वाटप मिक्सरवर अगदी गंधासारखं. काकी मिक्सरला नावं ठेवतात आणि रोज वापरतात. वाटप पाण्यात सारखं करून उकळी, त्यात चार आमसुलं, मग तुकडे. वर तिरफळं. तिरफळाच्या आतली काळी बी कडू, ती टाकून द्यायची, साल ठेचून पाण्यासकट घालायची. तिरफळाचा वास पहिल्यांदा घेतला तेव्हा मला लिंबाची साल आणि औषधाचं दुकान एकत्र आठवलं होतं. जिभेला मुंग्या येतात ते वेगळंच. आता शेंगटी किंवा बांगडा त्याच्याशिवाय ओका वाटतो. एकदा तुकडे पडले की डाव घालायचा नाही. कुंडलं दोन फडक्यांनी धरून गोल हिंदकळवायचं. खाली उतरल्यावर वरून कच्चं खोबरेल चमचाभर आणि झाकण.

साडेबाराला पानं मांडली. उकड्या तांदळाचा भात, कढी, तळलेल्या मुडदुशा, सोलकढी. मुडदुशीचं मांस पांढरं, सुटसुटीत. मधल्या काट्याला धरून ओढलं की दोन्ही बाजू अलगद सुटतात. तिला स्वतःची एक गोडसर चव आहे, फार हळू. काळा मसाला घातला असता तर ती मला कळलीच नसती. गेली एकोणचाळीस वर्षं मी मसाला खात आलो आणि त्याला मासा म्हणत आलो, हे आईला मात्र सांगणार नाही.

डावा अंगठा पानाबाहेर ताठ ठेवून मी चार मुडदुशा खाल्ल्या. माझी ती कातडी गेलेली काकांनी न बोलता स्वतःच्या पानात घेतली होती.

हात धुऊन काका ओटीवर टेकले. डोळे मिटलेले, बोटांची पेरं मोजणं चालू.

"फुडल्या आयतवारी पंचमी."

"पाच पाऊण पावणेचार," मी म्हणालो. "पाऊण तास वजा, तीन. म्हणजे सकाळी नऊला सुकती."

काकांनी एक डोळा उघडला. "सकाळी गरी नाय मगे. खाडीत मुळे काढूक जावया." मुळे म्हणजे शिंपल्या, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात पायानं चाचपून काढायच्या.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. पंचमी म्हणजे मार्गशीर्षातली. आमच्या घरात खंडोबाचं नवरात्र बसतं, चंपाषष्ठीपर्यंत वशट चालत नाही, आणि चंपाषष्ठी नेमकी सोमवारी. मी तसं सांगितलं.

काकांनी तो डोळा परत मिटला. "बरा झाला. तुमी काढा, आमी खातो."